गिरणगावातील एक पायी फेरी



मुंबई पाहावयास आलेला पाहुणा बहुधा कोटातील भव्य इमारती आणि समुद्रकिनारा पाहून संतुष्ट चित्ताने परत जातो. परंतु ज्या वस्तीच्या श्रमातून या शहराची संपत्ती निर्माण झाली, त्या चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकी आणि परळ या भागांत, म्हणजेच आपल्या गिरणगावात, पायी हिंडण्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी, असा सल्ला त्याला क्वचितच कोणी देतो. तो सल्ला आज मी आपणांस देणार आहे. या फेरीत धुरांडी पाहावीत, चाळी पाहाव्यात, हे तर खरेच. पण यंत्र कसे चालत होते आणि ते चालविणाऱ्या माणसाच्या शरीरावर, त्याच्या घरावर व त्याच्या प्रतिष्ठेवर त्या चालण्याचा काय परिणाम होत होता, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावाचून गिरणगाव पाहिले असे मी म्हणणार नाही.

फेरीसाठी रविवार निवडावा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली परळच्या सुपारीबागेत मजुरांच्या सभा भरविल्या, तेव्हा सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी जो अर्ज सरकारनियुक्त कमिशनपुढे गेला, त्यात आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती मिळावी ही प्रमुख मागणी होती. आणि पुढे सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १० जून १८९० रोजी, मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. तोपर्यंत गिरणीच्या कामाला सूर्योदय आणि सूर्यास्त एवढ्याच काय त्या मर्यादा होत्या, आणि पुढे विजेचे दिवे आल्यावर त्याही उरल्या नाहीत.

चिंचपोकळी स्थानकावर उतरून लालबागेतून पूर्वेस काळाचौकीकडे वळावे. येथे इंडिया युनायटेड मिलच्या दोन व तीन क्रमांकांच्या गिरण्यांच्या आवारात एक तळे आहे. ते शोभेसाठी खणले असावे, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः अशी तळी हा गिरणीच्या यंत्रव्यवस्थेचाच अवयव होता. बॉयलरात कोळसा जाळून केलेली वाफ एंजिनातून काम करून बाहेर पडली म्हणजे ती थंड करून तिचे पुन्हा पाणी करावे लागे, त्यासाठी गार पाण्याचा मोठा साठा जवळ असणे अगत्याचे असे. शिवाय कापसाच्या गिरणीत आगीचे भय अष्टौप्रहर असल्यामुळे बंबांनाही त्याच पाण्याचा आधार असे. एंजिनाने एक प्रचंड चक्र फिरवावे, त्या चक्रावरून निघालेल्या जाड दोरांनी प्रत्येक मजल्यावरचा लोखंडी दांडा फिरवावा, आणि त्या दांड्यावरच्या पट्ट्यांनी शेकडो साचे व माग एकाच वेळी चालावेत, अशी ती योजना होती. म्हणून एंजिन बंद तर सारी गिरणी बंद. विणकामाच्या शेडांचे छप्पर करवतीच्या दात्यांप्रमाणे का केलेले असते, याचेही उत्तर येथे मिळते: दात्याची उभी, काचेची बाजू उत्तरेकडे ठेवली की थेट ऊन आत न येता दिवसभर सारखा, शांत उजेड मागावर पडतो आणि तुटलेला धागा चटकन दृष्टीस येतो.

गिरण्यांचा आरंभ मात्र येथला नव्हे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापून ताडदेव येथे पहिली सूतगिरणी उभारली व १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या निर्यातीवर मुंबईत अमाप पैसा आला, १८६५ साली तितक्याच वेगाने तो बुडाला, आणि त्यानंतरच्या दशकांत चीनच्या बाजारपेठेसाठी सूत काढणाऱ्या गिरण्या परळ-लालबागेकडे पसरत गेल्या. रेल्वे जवळ, गोदी जवळ, जमीन मोकळी आणि हवा दमट. दमट हवेत धागा कमी तुटतो, एवढे सांगितले म्हणजे स्थळाची निवड कळते.

वाफेचे राज्य पुढे विजेने घेतले. टाटांच्या कंपनीने लोणावळ्याच्या परिसरातील धरणांत सह्याद्रीचा पाऊस साठवून, सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून ते पाणी नळांतून खोपोलीस सोडले आणि १९१५ साली तेथील वीज तारांवरून परळपर्यंत आणली. ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि तिच्यात अभिमानास्पद पुष्कळ आहे. परंतु गिरण्यांची विजेची भूक वाढल्यावर मुळशी पेट्यात दुसरे धरण बांधण्याची तजवीज झाली, तेव्हा आपल्या भातखाचरांवर पाणी चढणार हे पाहून मावळे शेतकरी १९२१ साली सत्याग्रहास उभे राहिले व सेनापती बापटांनी त्यांचे नेतृत्व केले, हेही त्याच तारांखाली उभे राहून सांगितले पाहिजे. गिरणगावाची हद्द अशी घाटमाथ्यापर्यंत जाते.

आता एक लहानशी वस्तू हातात घेऊन पाहण्यासारखी आहे. ती म्हणजे धोटा. लाकडाचा, दोन्ही टोकांस निमुळता, टोकांवर धातूची टोपणे बसविलेला. त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते आणि कडेला एक बारीक भोक असते. कांडी संपली की विणकराने नवी कांडी घालावयाची व तिच्या सुताचे टोक त्या भोकातून बाहेर काढावयाचे. बोटांनी ते काम जमत नाही, वेळ तर मुळीच नसतो. म्हणून भोकाला ओठ लावून श्वास आत ओढावयाचा, की सूत बाहेर येते. त्या श्वासाबरोबर कापसाची वस्त्रगाळ धूळ छातीत जाई, आणि तोच धोटा दुसऱ्या पाळीच्या कामगाराच्या ओठी लागत असल्याने क्षयाचा प्रसारही त्याच वाटेने होई. याहूनही क्लेशकारक गोष्ट अशी, की सूत तोंडाने ओढावे लागते हेच कारण पुढे करून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणाई खात्यात, म्हणजे जेथे पगार अधिक त्याच खात्यात, शिरू दिले जात नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. मालकशाहीविरुद्ध एकजुटीने उभ्या राहिलेल्या कामगारांना आपल्या घरातील हा भेद दाखवून देणे किती अवघड होते, याची कल्पना मला तो धोटा पाहिल्यावरच नीट आली. वाटाड्याने दुसरे सर्व सोडले तरी चालेल, हे सोडू नये.

लालबागेतून उत्तरेस परळकडे जाताना चाळी लागतात. कोकणातून, घाटावरून आलेला गडी मुकादमाच्या ओळखीने बदलीवर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागे, एकेका खोलीत पाळीपाळीने निजणाऱ्या गाववाल्यांत त्याला जागा मिळे, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे असे. या बायांचा हिशेब पगारापगाराला चुकता होई. संप लांबला म्हणजे उधारीचा भार त्यांच्यावर येई. त्यांच्या श्रमाची नोंद कोणत्याही गिरणीच्या दप्तरात नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, ते याच बायांना सावकाराच्या हातून सोडविण्यासाठी. कामगारांच्या नाटकांनी व शाहिरांनी गाजलेला दामोदर हॉलही याच वाटेवरचा. त्याच्याविषयी स्वतंत्र भाषण करावे लागेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुढे जमिनीला कापडापेक्षा अधिक भाव आला. साचे आणि माग भंगारात गेले, आवारांत उंच कचेऱ्या आणि दुकाने उभी राहिली, आणि कोठे कोठे एखादे धुरांडे जतन करण्यात आले. धुरांडे राखले याचा मला आनंदच आहे. परंतु ज्याच्यामुळे त्यातून धूर निघत होता ते यंत्र आणि ते चालविण्याची हातोटी आज वृद्ध कामगारांच्या आठवणीतच उरली आहे. म्हणून अशा फेरीचा वाटाड्या, शक्य असेल तेथे, गिरणीत राबलेला माणूसच असावा, त्याला त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा, आणि तो सांगेल ते टिपून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

फेरीचा शेवटचा मुक्काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात, म्हणजे हाफकिन संस्थेत. १८९६ साली प्लेगची साथ मांडवीत उद्भवली आणि मजुरांचे लोंढे गावाकडे निघाले. गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा हजर मजुरांना आपल्याकडे ओढण्यासाठी मालकांनी रोजच्या रोज मजुरी देऊ केली. मूळचे ओदेसाचे वाल्देमार हाफकिन त्या वेळी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या जागेत लस तयार करीत होते. मांसाच्या रसाने भरलेल्या चंबूत वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढू द्यावयाचे, वाढ झाली की चंबू हलवून ती खाली पाडावयाची आणि पुन्हा वाढू द्यावयाची, व शेवटी सर्व उष्णतेने मारून त्याची लस करावयाची, अशी त्यांची रीत होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या या वास्तूत आली आणि लस लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचली. १९०२ साली पंजाबातील मल्कोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेले एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर दोषारोप आला, आणि चूक प्रयोगशाळेची नसून बाटली उघडतानाच्या हाताळणीची होती हे मान्य होऊन ते १९०७ साली निर्दोष ठरेपर्यंत त्यांची उमेदीची वर्षे निघून गेली होती. संस्थेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली. ती आजही चालू आहे. रविवारी मात्र बाहेरूनच पाहावी लागेल.