संच आधी की पाहणारा आधी?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे तिच्या धर्तीवर गावोगाव ज्या माला निघाल्या, त्यांतलीच ही आपली एक. या व्यासपीठावर तत्त्वज्ञान झाले, अर्थशास्त्र झाले, आणि आज आम्ही उभे आहोत ते नवा टीव्ही कसा घ्यावा आणि केबल ठेवावी की सोडावी हे सांगायला! विषय जरा हलका आहे असे काहींना वाटेल. पण घरातले कोणी ना कोणी रोज संध्याकाळी ज्या वस्तूपुढे बसते, ती वस्तू आपण अर्ध्या तासात निवडतो. आंब्याची पेटी घेताना याहून जास्त चौकशी करतो. तेव्हा तासभर या विषयाला दिला तर वाया जाणार नाही.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. गेल्या वर्षी आमचा जुना संच बंद पडला. त्याच संध्याकाळी आम्ही आणि चिरंजीव दुकानात गेलो आणि पंचावन्न इंची संच ठरवून आलो. चिरंजीवांनी हिशेब मांडला की आता सारे इंटरनेटवर दिसते, मग केबलचे पैसे कशाला? आम्हालाही ते पटले. केबल बंद केली. नवा संच भिंतीवर चढला, शेजारी पाहून गेले, पेढे वाटले.

आमच्या मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या. जुन्या रिमोटवर त्यांना दोन आकडे पाठ होते. एक सह्याद्रीच्या बातम्यांचा आणि एक त्यांच्या मालिकेचा. नव्या रिमोटवर आकडेच नाहीत. संच लावला की पडद्यावर बारा चौकटी येतात, एकीवर बोट पडले की जाहिरात सुरू होते, दुसरीवर पडले की पैसे मागते. दोन दिवस त्यांनी खटपट केली. मग रिमोट कपाटावर ठेवला आणि सातालाच अंथरुणावर पडू लागल्या. विचारले तर म्हणायच्या, “काही नाही रे, डोळे दुखतात.” डोळे दुखत नव्हते. हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. घरातल्या माणसाची संध्याकाळ आपण हिरावून घेतली, आणि तीही पेढे वाटून, ही गोष्ट मनाला लागली. आजचे व्याख्यान तिथून निघाले आहे.

चूक कुठे झाली? आम्ही आधी संच घेतला, मग मार्ग ठरवला, आणि पाहणाऱ्याचा विचार केलाच नाही. क्रम नेमका उलटा हवा: आधी पाहणारा, मग मार्ग, मग संच.

संच आणि मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा मार्ग एकच होता, गच्चीवरचा अँटेना. वारा सुटला की एकाने वर चढून तो फिरवायचा आणि खालून दुसऱ्याने “आलं, आलं, गेलं!” असे ओरडायचे. परवाना पोस्टातून काढावा लागे. १९९१च्या सुमारास उपग्रह वाहिन्या आल्या आणि गल्लीगल्लीत केबलची तार फिरली. २००३ साली खासगी कंपनीची घरगुती डिश आली, २००४च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत डिश आली. २०१२च्या अखेरीस मुंबईत आणि पुढे टप्प्याटप्प्याने सगळीकडे केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. आता इंटरनेटची तार आली आहे. मार्ग इतक्या वेळा बदलला. घरातला संच मात्र त्या बदलाबरोबर बदलावा लागतोच असे नाही.

तर पहिले काम कागद-पेन्सिलीचे. घरात कोण काय पाहते, किती वाजता पाहते, आणि कुठे बसून पाहते, हे आठवडाभर लिहा. आम्ही लिहिले, उशिरा का होईना. केबलवर दोनशेच्या वर वाहिन्या येत होत्या. आमच्या घरी पाहिल्या जात होत्या अकरा. मातोश्रींच्या दोन, सौभाग्यवतींच्या चार, आमच्या बातम्यांच्या तीन, क्रिकेटच्या दोन. चिरंजीव आणि नात यांच्या नावापुढे एकही वाहिनी नव्हती. त्यांचे सारे इंटरनेटवर. एका घराची अशी दोन टोके असतात, हे कागदावर आले तेव्हा दिसले.

आता मार्ग पाहू. ते चार आहेत.

पहिला केबल. केबल म्हणजे महाग आणि सक्तीची, अशी आपली समजूत असते. पण २०१९च्या फेब्रुवारीपासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमाने ग्राहकाला एकेक वाहिनी निवडण्याचा हक्क मिळाला आहे. तेव्हा शंभर वाहिन्यांना १३० रुपये आणि त्यावर अठरा टक्के कर, म्हणजे सुमारे १५३ रुपये, ही कमाल मर्यादा होती. २०२० साली तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या झाल्या, आणि २०२४ साली ती मर्यादाच उठली. म्हणून आजचा आकडा आपल्या केबलवाल्यालाच विचारावा. सशुल्क वाहिनीची किंमत याहून वेगळी, आणि ती पडद्यावरच्या यादीत दिसते. आपण मात्र त्याने दिलेला तयार गठ्ठा घेतो आणि वर्षानुवर्षे न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे भरतो. आणखी एक गोष्ट हिशेबात धरा. तार तुटली तर केबलवाला गल्लीतला असतो, हाक मारली की येतो.

दुसरा मार्ग खासगी डिशचा. लोक तिला छत्री म्हणतात, पण पावसाशी या छत्रीचे जमत नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी इतक्या आखूड असतात की मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. मग चित्राचे चौकोन पडतात. जोर ओसरला की चित्र परत येते. जिथे केबलची तार पोचत नाही, तिथे ही डिश चांगली.

तिसरा मार्ग दूरदर्शनच्या मोफत डिशचा, डीडी फ्री डिशचा. तिला महिन्याचे शुल्क नाही. डिश, डबा आणि बसवणावळ यांचा खर्च एकदाच. तिचा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. म्हणजे आपल्या भागातून पाहता जवळजवळ नेमका आग्नेयेला. त्या दिशेला उंच इमारत किंवा दाट झाड नसले म्हणजे झाले. तिच्यावर सगळ्याच खासगी मराठी वाहिन्या नाहीत, आणि ज्या आहेत त्याही वेळोवेळी बदलतात. म्हणून आपल्या यादीतल्या वाहिन्या आज तिच्यावर आहेत का, हे ज्याच्या घरी ती आहे त्याच्याकडे जाऊन पाहावे. क्रिकेटवाल्यांसाठी मात्र एक महत्त्वाची गोष्ट. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसारभारतीला द्यावे लागते, आणि भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय व ट्वेंटी-२० सामने त्यांत आहेत. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या मोफत डिशवरून दाखवावे. खासगी केबल आणि डिश यांना ते आयते मिळणार नाही. म्हणजे इथे फुकटवाल्याची बाजू वरचढ आहे!

चौथा मार्ग इंटरनेटचा. वेळेचे बंधन नाही, हा त्याचा मोठा गुण. स्पष्ट चित्राला सेकंदाला सुमारे पाच मेगाबिट आणि फोर-के चित्राला सुमारे पंधरा मेगाबिटचा वेग लागतो. फोर-के चित्रपट तासाला सात गिगाबाइटपर्यंत खातो, म्हणून मोबाइलच्या डेटावर घरचा टीव्ही चालवणे परवडत नाही. दुसरे असे की दुकाने अनेक आणि प्रत्येकाचे शुल्क निराळे. एक मालिका एकीकडे, सामना दुसरीकडे, चित्रपट तिसरीकडे. केबल महाग म्हणून सोडायची आणि चार वर्गण्या भरून तिच्यापेक्षा जास्त द्यायचे, असे होऊ शकते. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वेव्हज’ नावाची सेवा सुरू केली. तीही पाहून घ्यावी.

मार्ग ठरला की मग संच. संचाचा आकार इंचांत सांगतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा. आताचे संच रुंद असतात, म्हणून आकडा फसवतो. आजच्या बत्तीस इंची पडद्याची उंची सुमारे चाळीस सेंटिमीटर, तर जुन्या एकोणतीस इंची चौकोनी पडद्याची चव्वेचाळीस होती. त्रेचाळीस इंची पडदा सुमारे पंचाण्णव सेंटिमीटर रुंद आणि चोपन्न उंच. त्या मापाचे वर्तमानपत्र कापून भिंतीवर चिकटवा आणि रोजच्या जागी बसून पाहा. दुकानदारापेक्षा तो कागद खरे सांगेल.

मग ठिपक्यांचे. निरोगी डोळ्याला दहा फुटांवरून सुमारे ०.९ मिलिमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे ओळखता येत नाहीत. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्यावर ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे दहा फुटांवर बसणाऱ्याला फोर-केचे जास्तीचे ठिपके दिसणारच नाहीत. पडदा पंचावन्न इंची असेल आणि तुम्ही पाच-सहा फुटांवर बसत असाल, तर फरक जाणवेल. आणि मूळ चित्र साध्या प्रतीचे असेल, तर मोठा पडदा त्याचे दोषच मोठे करून दाखवतो.

बहुतेक संचांत मागे दिवे आणि पुढे रंगीत ठिपक्यांचा द्रवस्फटिकांचा पडदा अशी रचना असते; एलईडी आणि क्यूएलईडी ही दोन्ही त्याच जातीची नावे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरा काळा दिसतो. किंमत जास्त, आणि एकच वृत्तवाहिनी दिवसभर लावली तर तिच्या चिन्हाचा डाग पडण्याची भीती. दुकानात संच भडक उजेडावर लावलेला असतो. तो ‘स्टँडर्ड’वर आणायला सांगा, नमुन्याची फीत बंद करून साधी वाहिनी लावायला सांगा, आणि चार पावले बाजूला सरकून पाहा, घरी सगळेच काही समोर बसत नाहीत. आवाज ऐका, कारण पातळ संचात मोठा स्पीकर मावत नाही. विजेच्या वापराचे तारे पाहा. जुना डबा लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांचा असेल तर त्या तारांना जागा आहे का, हेही पाहा. आणि मुख्य म्हणजे रिमोट हातात घ्या. त्याच्यावर आकडे आहेत का ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या संचांचा कर अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. पण वाचलेल्या पैशांत एक माप मोठा संच घ्यायलाच हवा, असे काही सरकारने म्हटलेले नाही.

एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटला जोडलेला संच आपण काय पाहतो याची नोंद ठेवू शकतो. अमेरिकेत व्हिझिओ या कंपनीने सुमारे एक कोटी दहा लाख संचांमधून प्रेक्षकांच्या संमतीवाचून अशी माहिती गोळा केल्याचा आरोप झाला, आणि २०१७ साली तिने बावीस लाख डॉलर भरून तडजोड केली. आपल्या संचाच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहण्याच्या सवयी कळवण्याची परवानगी बंद करता येते. पहिल्या दिवशी भराभर ‘मान्य आहे’ दाबू नका.

आता आमच्या घरचे काय झाले ते सांगून संपवतो. आम्ही केबलवाल्याला पुन्हा बोलावले. आम्हाला थोडी लाज वाटत होती. न विचारता त्याचे कनेक्शन तोडले होते. तो मात्र हसून म्हणाला, “काका, आजींसाठी एवढा मोठा गठ्ठा कशाला? सह्याद्री फुकटात येतेच. यादी द्या, तेवढ्याच वाहिन्या लावतो.” अकरा वाहिन्यांची यादी दिली, बिल पूर्वीपेक्षा कमी झाले. संच लावला की शेवटी वापरलेल्या मार्गावरच उघडेल असे त्यात बसवून घेतले. इंटरनेट चिरंजीवांच्या खोलीत आहेच. गावाकडे धाकट्या भावाने हाच कागद भरला, तर त्याच्या घराचे उत्तर निघाले मोफत डिश आणि बत्तीस इंची संच. प्रश्न तोच, पण घर वेगळे म्हणून उत्तर वेगळे. आमचेच उत्तर तुम्ही उचलावे असे म्हणून आम्ही सांगत नाही.

मातोश्रींच्या हातात आता सेट-टॉप बॉक्सचा रिमोट असतो. चालू-बंदच्या बटणावर आणि त्यांच्या दोन वाहिन्यांच्या आकड्यांवर नातीने लाल नेलपॉलिशचे ठिपके लावले आहेत. पहिल्या दिवशी बातम्या लागल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, बाई तीच आहे की! मला वाटलं, बदलली असेल.” तीन आठवड्यांनी त्या आपल्या ओळखीच्या माणसांत परतल्या होत्या.

तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर दुकानाची जाहिरात बाजूला ठेवा आणि आधी कागद घ्या. त्यावर पहिले नाव त्याचे लिहा, ज्याला घरात रिमोट सर्वांत कमी समजतो. त्याला एका हाताने संच लावता आला, तर बाकीच्यांना तो लावता येईलच.