मनातलं बोलायचं, तेही मराठीतून

बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून आपण बाजारात गुजराती बोलतो. पण रडू येतं ते मराठीतच. मुलं परदेशी गेली, निवृत्ती आली, जोडीदार गेला, की घर मोठं वाटू लागतं, झोप उडते. समुपदेशकाकडे जावं, तर 'कोणी पाहिलं तर?' ही धास्ती!

आता घरबसल्या फोनवर, व्हिडिओवर बोलता येतं. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य. भाषांमध्ये मराठीही आहे.

नियमित सत्रं घ्यायची असतील, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे आधी विचारावं. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिला आहे.

एका दिवसात चमत्कार होत नाही. काही आठवडे, ठरल्या वेळी, दार लावून बोलावं लागतं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मात्र पुढच्या सत्राची वाट पाहू नये. घरच्यांना सांगून लगेच दवाखाना गाठावा.

आणि घरच्यांनी? त्या तासाला दार वाजवू नये. नंतर 'काय बोललात?' असंही विचारू नये. चहा मात्र तयार ठेवावा.