खांदेरी : मुंबईच्या दारातले युद्धस्मारक



भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रासमोरून गिरगाव-लालबागची माणसे नित्य जातात. १४ एप्रिल १९४४ च्या गोदी-स्फोटात कामी आलेल्या ६६ अग्निशमन जवानांची स्मृती तेथे जपलेली आहे, आणि दरवर्षी त्या दिवशी तेथे मानवंदनाही होते. ज्याने प्राण दिले त्याचे नाव दगडावर कोरावे, ही प्रथा या शहराने चांगली आत्मसात केली आहे. मात्र मुंबई बंदराच्या मुखाशी, दक्षिणेला, एक असे युद्धस्थळ उभे आहे की जेथे कोणाचेही नाव कोरलेले नाही. तेथील तटबंदी हेच त्याचे स्मारक. त्या बेटाचे नाव खांदेरी. अलीकडे तेथे सहली जाऊ लागल्या आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात खांदेरी आहे. तेव्हा ही गर्दी वाढणारच. म्हणूनच होडीत पाय ठेवण्यापूर्वी तेथे घडले काय, हे ठाऊक असलेले बरे.

या कथेचा आरंभ खांदेरीला नसून माझगावला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात आसऱ्याला येई ते माझगावच्या बंदरात, इंग्रजांच्या अनुमतीने. पाऊस सरला की हीच जहाजे बाहेर पडत आणि स्वराज्याच्या किनाऱ्यावरील गावे जाळीत, माणसे धरून नेत. इंग्रजांना मोगलांची मर्जी राखायची होती, आणि सिद्दी मोगलांचा चाकर. मुंबई व जंजिरा यांमधील हा जलमार्ग डोळ्यांखाली ठेवायचा, तर दोहोंच्या मध्ये समुद्रात पाय रोवणे आवश्यक होते. शिवछत्रपतींनी १६७२ मध्ये खांदेरीवर बांधकामाचा प्रयत्न केला होता; इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले, म्हणून तो सोडावा लागला. सात वर्षांनी महाराजांनी तेच बेट पुन्हा निवडले.

ऑगस्ट १६७९. पावसाळा पुरता सरलाही नव्हता. मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगडावर दगड चढू लागला. मुंबईकर इंग्रजांनी निरोप धाडला, बेट आमचे आहे, निघून जा. मायनाकाने कळविले की धन्याच्या आज्ञेवाचून आपणास हलता येणार नाही. उत्तर एवढेच. त्यात ना धमकी, ना बढाई.

मायनाक भंडारी कोण, कोठला, त्याचा वाडा कोठे होता, याविषयी फारसे हाती लागत नाही. आडनाव मात्र गिरगाव, दादर, माहीमच्या वाड्यांतून घरोघरी नांदणारे आहे. त्याच सुमारास मुंबईच्या इंग्रजांनीही शहराच्या रक्षणासाठी भंडाऱ्यांचेच पथक उभारले होते. एका बाजूला पगारावर पहारा करणारे भंडारी, दुसऱ्या बाजूला खाऱ्या वाऱ्यात भिंत रचणारा भंडारी. इतिहासात असे प्रसंग पुष्कळ येतात आणि ते लपविण्याचे कारण नाही.

सप्टेंबरात इंग्रजांची जहाजे बेटाभोवती आली. लेफ्टनंट थॉर्प हा अधिकारी किनाऱ्याला लागण्याचा प्रयत्न करताना मारला गेला. त्याची नोंद आहे, कारण इंग्रज प्रत्येक गोष्ट लिहून ठेवीत. बेटावर त्या दिवसांत किती मराठे पडले, कोण पडले, याची यादी नाही. खांदेरीच्या वेढ्याचे तपशील आज जे सांगितले जातात, त्यातील बराचसा भाग शत्रूच्या पत्रव्यवहारातून आलेला आहे. मुंबईच्या कौन्सिलाने सुरतेला धाडलेली पत्रे चाळली की एका ओळीत तुच्छता असते आणि पुढच्याच ओळीत हतबलता. मराठ्यांच्या निमुळत्या होड्या रात्रीच्या काळोखात नागाव-थळच्या किनाऱ्यावरून दगड, धान्य, दारूगोळा घेऊन येतात, आणि आपल्या जहाजांना त्या काही केल्या सापडत नाहीत, ही त्या पत्रांतील कायमची तक्रार. याचे कारण साधे आहे. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून, आणि त्यांना खोल पाणी लागे. आपली गलबते सपाट बुडाची, वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की इंग्रज जागच्या जागी खिळत आणि ही मंडळी उथळ पाण्यातून निसटून जात. खडक न् खडक, भरती-ओहोटी अंगवळणी पडलेली किनाऱ्यावरची माणसे त्यांवर होती.

१८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठा आरमाराचा सरदार दौलतखान चाळिसाहून अधिक गलबते घेऊन नागावच्या बाजूने निघाला आणि इंग्रजांवर चालून आला. इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे गुराब निशाण उतरवून शरण आले, लहान जहाजे पळाली. ‘रिव्हेंज’ हे मोठे जहाज मात्र, केग्विन आणि मिंचिन यांच्या हाताखाली, एकटेच उभे राहिले आणि त्याच्या तोफांपुढे मराठ्यांना माघार घ्यावी लागली. आपल्याकडील काही लेखनात ही माघार गाळली जाते. ती गाळण्याची गरज नाही. त्या दिवशीची झुंज इंग्रज आपली म्हणोत. बेटावरचे काम एक दिवसही थांबले नाही, आणि प्रश्न बेटाचा होता. पुढे सिद्दी आपले आरमार घेऊन आला. खांदेरी पडत नाही असे पाहून त्याने जानेवारी १६८० मध्ये शेजारची उंदेरी बळकावली. त्याच महिन्यात इंग्रजांनी महाराजांशी समझोता केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. महाराजांच्या हयातीतले हे अखेरचे मोठे आरमारी प्रकरण. ३ एप्रिल १६८० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, मुंबईचा गव्हर्नर बून मोठ्या तयारीनिशी खांदेरीवर आला, तोही हात हलवीत परतला. बेट इंग्रजांच्या हाती गेले ते मराठी राज्य बुडाल्यावरच.

आता जाण्याविषयी. गेटवेहून मांडव्याला बोट तासाभरात पोचते. भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून मोटारीही नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे. मांडव्याहून थळचा किनारा गाठावा आणि तेथून कोळी बांधवांच्या होडीने बेटावर जावे. वाटेत उंदेरी लागते. होडी करताना घासाघीस जपून करावी. साडेतीनशे वर्षांपूर्वी रात्रीची रसद वाहिली ती याच किनाऱ्याने. बेटावरचे वेताळाचे ठाणे कोळ्यांचे जागते दैवत आहे. तेथे पायताण काढून जावे.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १८६७ चे दीपगृह, गाड्यांवर चढविलेल्या तोफा, ठोकला असता धातूसारखा नाद देणारा खडक. सहलीची मुले त्या खडकाभोवती रेंगाळतात, आणि रेंगाळावेच. परंतु वडीलधाऱ्यांनी त्यांना तटाखाली, पाण्याच्या काठीही न्यावे. तेथे मोठमोठे दगड पसरलेले दिसतात. त्यांवर कालवे वाढावीत आणि उतरणाऱ्या शत्रूचे पाय फाटावेत म्हणून ते तसे टाकले, असे परंपरेने सांगतात. त्या दगडांवर अनवाणी चालण्याचा हट्ट कोणी धरू नये.

तटावर कोळशाने वा खडूने नावे लिहिण्याची खोड येथेही पोचली आहे. ज्यांनी तो तट रचला त्यांपैकी एकाचेही नाव त्यावर नाही, आणि दादरहून चार तासांसाठी आलेल्याने आपले लिहावे, याला काय म्हणावे? जेवणाचे डबे, पाण्याच्या बाटल्या ज्या होडीने आल्या त्याच होडीने परत जाव्यात. युनेस्कोची मान्यता टिकवायची तर सरकारने करायचे ते सरकार करील वा न करील, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे.

भारतीय नौदलाने हे नाव विसरलेले नाही. १९६८ साली दाखल झालेल्या पाणबुडीला ‘खांदेरी’ नाव दिले गेले. ती १९८९ मध्ये निवृत्त झाली. त्याच नावाची नवी पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झाली. तिची बांधणी झाली माझगाव गोदीत, एके काळी सिद्दीची जहाजे ज्या माझगावात आसऱ्याला राहत तेथेच.

पावसाळ्यात थळची होडी बंद असते. दिवाळीनंतर समुद्र शांत होतो. दुपारी वारा चढतो, म्हणून निघावे पहाटे, आणि परतीची वेळ भरती पाहून तांडेल सांगेल ती मानावी.