एसटीचं वेळापत्रक

मुख्याध्यापिका बाई आणि मागच्या रांगेत शिट्ट्या मारणारे माझे खरे वारसदारहो,

मी गॅरेजवाला. बाईंचा फोन आला तेव्हा वाटलं, शाळेची बस बंद पडली असणार! निघालं भाषणाचं बोलावणं. तर उपदेश करत नाही, नुकत्याच वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल बोलतो.

जॉन एल्डर रॉबिसन हा अमेरिकेतला माझाच धंदेबंधू. जुन्या रोल्स रॉइस, लँड रोव्हर दुरुस्त करणारा. शाळा दहावीत सोडली. पुढे 'किस' या रॉक बँडसाठी धूर ओकणाऱ्या, रॉकेट सोडणाऱ्या गिटारी बनवल्या. आपल्याला अ‍ॅस्पर्जर, म्हणजे ऑटिझमचाच एक प्रकार आहे, हे त्याला चाळिशीत कळलं. २००७ साली त्याचं आत्मचरित्र आलं, 'लुक मी इन द आय'. माझ्याकडे बघून बोल! लहानपणी सगळे त्याला हेच दरडावायचे. नजर चुकवतो म्हणजे पोरगं लबाड. आपल्याकडे तर दोन्हीकडून मार. खाली बघितलं तर चोर, वर बघितलं तर उर्मट.

लहान असताना त्याला एका मुलीशी मैत्री करायची होती. कुत्र्याला थोपटलं की त्याच्याशी गट्टी जमते, हे आईने शिकवलेलं. त्याने तिच्या डोक्यावर तसंच थोपटलं. तिने दिली एक ठेवून. मग हा काठी घेऊन आला आणि लांबूनच थोपटायला लागला. हसलात ना? मीही हसलो. मग पुस्तक मिटून बसलो.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत रोज माझ्याजवळ यायचा आणि एसटीचं वेळापत्रक म्हणून दाखवायचा. सांगली, मिरज, कोल्हापूर, मिनिटासकट. आम्ही त्याला 'कंट्रोलर' म्हणून चिडवायचो आणि पळायचो. त्याला ऑटिझम होता की नाही, देव जाणे. तो शब्दच तेव्हा आमच्या कानावर आला नव्हता. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. जो स्वतःतच मग्न आहे तो रोज माझ्याकडे कशाला येईल? डब्यातली पोळी सोडून? ते वेळापत्रक म्हणजे त्याचं थोपटणं होतं, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

या पुस्तकाच्या दोन प्रती ग्रंथालयासाठी आणल्यात. इंग्रजी सोपं आहे. मला जमलं, नववीच्या मुलांना जमेलच. एक प्रत मात्र, बाई, आधी शिक्षकांच्या खोलीत फिरू द्या.