‘भामटा’ : एका शब्दाचें ओझें

दौंड जंक्शनवर एखाद्या प्रवाशास गोड बोलून कोणी त्याची पेटी लांबविली, तर ‘भामटा भेटला’ असा उद्गार सहज निघतो. शिरूरच्या बाजारांत पितळ सोनें म्हणून विकणारासही हेंच नांव मिळतें. मराठींत या शब्दाची छटा नेमकी आहे. चोर नजर चुकवितो, दरोडेखोर बळ वापरतो. भामटा आधीं विश्वास संपादतो आणि मग फसवितो.

परंतु, श्रोतेहो, हें एका समाजाचेंही नांव आहे. १८८५ सालच्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत भामटे अथवा उचले यांचें वर्णन एक जात म्हणून आलें आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत आजही ‘भामटा’ अशी नोंद आहे. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर ज्या मुलाची ही जात लिहिली जाते, त्याला वृत्तपत्राच्या मथळ्यांत तोच शब्द शिवी म्हणून वाचावा लागतो.

या गोंधळास कायद्यानें बळ दिलें. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें कृत्याऐवजीं जन्म हाच पुरावा मानला. १९११ च्या कायद्यानें त्याची व्याप्ति वाढली. नोंदणी, हजेरी आणि बोटांचे ठसे पुष्कळांच्या वांट्यास आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा गेला. लोकांच्या जिभेवरचा शिक्का मात्र पुसला गेला नाहीं.

शिरूर व दौंड तालुक्यांतील पारध्यांची कथा याच जातीची. पारध म्हणजे शिकार. फासे लावून हरणें व तित्तिर धरणारे ते फासेपारधी. शब्दांत चोरीचा लवलेशही नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा परंपरागत मार्ग बंद झाला; तरी गांवांत चोरी झाली कीं पहिला संशय पारध्याच्या पालाकडेच वळतो.

लक्ष्मण गायकवाड यांनीं ‘उचल्या’ हें हिणविण्याचें नांवच १९८७ मध्यें आपल्या आत्मकथनास दिलें, आणि त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. स्वतःचें नांव असें ताठ मानेनें उच्चारण्याचा अधिकार त्या समाजाचा आहे. इतरांच्या हातीं दुसरी गोष्ट आहे : ठक, लबाड, तोतया असे शब्द मराठींत विपुल आहेत. गुन्हा ज्यानें केला त्याच्याच माथीं तो राहावा, त्याच्या जातीच्या माथीं जाऊं नये, एवढी काळजी बोलणाऱ्यानें घेतली तरी पुष्कळ झालें.