खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : शेवाळ आणि माशांची निवड



पेडण्यास समुद्र लाभला आहे. डिचोलीस तो नाही. त्यामुळे नार्व्यास मांडवीचेच पाणी भरून घेण्याचा मोह होतो. परंतु पावसाळ्यात ते जवळजवळ गोडे असते. समुद्राच्या पाण्यात हजारी सुमारे ३५ भाग क्षार असतात; तेव्हा केरी वा मोरजीहून पाणी आणावयाचे ते पावसापूर्वीच.

नव्या टाकीच्या काचेवर प्रथम तपकिरी थर चढतो. पुष्कळजण घाबरून सर्व पाणी ओतून देतात, वाळूही धुतात, आणि मागाहून सोडलेले मासे दगावतात. कारण विष्ठा व उरलेले खाद्य यांतून उपजणारा अमोनिया पचविणारे जीवाणू त्या वाळूतच वाढू लागलेले असतात. त्यांस चार ते सहा आठवडे द्यावेत, मगच मासे सोडावेत. थर काचेपुरता पुसावा. दिवा आठ तासांहून अधिक नको; खाद्य हात राखून घालावे.

प्रवाळांतील रंगीत माशांची हौस तूर्त आवरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या खाजनांत मानशीजवळ मिळणारी काळुंदराची दोन-तीन पिल्ले पुरेत. ती शेवाळ खातात व क्षारांचा चढउतार सोसतात. तथापि खाऱ्या पाण्याची सवय त्यांस हळूहळू लावावी. शेवटोही शेवाळ खातो, पण उड्या मारतो. टाकीवर झाकण हवेच. चणक मात्र कदापि सोडू नये. तो सोबत्यांनाच गिळतो.