मुलाची परीक्षा कोणत्या भाषेत?



शाळकरी मुलांच्या वाचेवर व मनावर उपचार करणाऱ्यांना हल्ली कोणती साधने हाताशी आहेत, ते सांगण्याची मला आज्ञा झाली आहे. पण आधी एक हकीकत.

सीमाभागातल्या एका शाळेत सहा वर्षांच्या मुलाला छत्रीचे चित्र दाखवले आणि कानडीतून 'कोडे' कोठे आहे ते विचारले. कानडीत कोडे म्हणजे छत्री. त्या मुलाच्या घरी कोडे हे घालायचे असते! पोर गप्प राहिले. कागदावर 'मंद' असा शेरा पडला. तो शेरा मारणारा मीच. दुसऱ्या दिवशी आजीने मराठीतून विचारताच त्याने छत्री तर दाखवलीच, वर तिची काडी मोडल्याचेही सांगितले.

मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र १९३७ सालीच निघाले. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था तर आपल्याच राज्यातली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत तपासणी करतात. २०१६ च्या कायद्याने वाचन-लेखनातील अडचणही दिव्यांगत्वात धरली. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा मोफत दूरध्वनी २०२२ पासून आहे; तेथे भाषा निवडता येते.

चित्रे दाखवून तपासताना मात्र ती सोय आपणच केली पाहिजे. म्हणून विश्वस्तांकडे मागणी एवढीच: कंग्राळीच्या घरांतले शब्द टिपायला एक वही आणि चित्रांच्या छपाईचा खर्च द्यावा. शब्द सांगायला आज्या पुष्कळ आहेत.